तोफखान्यातले गुरुजी

आमच्या घरी इसापनीतीचे एक जुने पुस्तक आहे. त्यातल्या प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेले आहे. लहानपणी आजी गोष्ट वाचायची आणि तात्पर्याच्या ओळीवर हात ठेवून ते मला विचारायची. मी पटकन सांगायचो. पुढेपुढे तर गोष्ट पुरती न ऐकताच सांगायचो, कारण लोभ, आळस, खोटेपणा आणि गर्व एवढी चार उत्तरे पाठ असली की बहुतेक गोष्टी भागत.

या वर्षी मला ज्युनियर हाऊसमध्ये डॉर्मिटरीचा मॉनिटर म्हणून पाठवले, तेव्हा हेच भांडवल घेऊन मी गेलो. सहावीची बावीस मुले. कुणी बिहारचा, कुणी हरियाणाचा, कुणी ओडिशाचा. पहिले काही आठवडे लाइट्स आऊट झाले की दोन-तीन पांघरुणांखालून मुसमुसणे ऐकू येतेच. आम्हीही त्यातूनच गेलो आहोत. हाऊस मास्टर सरांनी सांगितले की झोपण्याआधी दहा मिनिटे मुलांना काहीतरी सांगत जा. मी हिंदीतून इसापनीती सुरू केली, अर्थात तात्पर्यासह. तिसऱ्या रात्री निम्मी मुले तात्पर्य येण्याआधीच झोपली होती आणि उरलेली हे कधी संपते याची वाट बघत होती.

मग लायब्ररीत मला मॉस्कोत छापलेले, पाठीचा पुठ्ठा निखळलेले एक हिंदी पुस्तक मिळाले. लिओ टॉलस्टॉय यांच्या मुलांसाठीच्या गोष्टी. टॉलस्टॉय म्हणजे 'युद्ध आणि शांती' लिहिणारे लांब दाढीचे ऋषी, यापलीकडे मला काही माहीत नव्हते. त्यातली शार्कची गोष्ट मी त्या रात्री वाचली. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जहाज उभे आहे, दोन मुले समुद्रात पोहत आहेत आणि शार्क येतो. त्यातल्या एका मुलाचा बाप जहाजावरचा म्हातारा गोलंदाज आहे (क्रिकेटमधला नव्हे, तोफेवरचा). तो तोफेला बत्ती देतो आणि तोंड झाकून घेतो. धूर निवळेपर्यंत काय झाले ते त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही. डॉर्मिटरीत एकही मुलगा हलला नाही. गोष्ट संपल्यावर सवयीने मी तात्पर्यासाठी पान उलटले, तर तिथे दुसरी गोष्ट सुरू झाली होती.

तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते मी वाचत गेलो. आपल्या मराठी पानाचे वाचक मेसमधल्या एका टेबलाभोवती मावतील एवढेच आहेत, पण त्यांना तरी हे सांगावे असे वाटले.

टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ साली रशियात, मॉस्कोच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर असलेल्या यास्नाया पोल्याना या त्यांच्या वडिलोपार्जित जहागिरीत झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच आई गेली. नऊ वर्षांचे होता होता वडील गेले. पाच भावंडांना आत्यांनी आणि नात्यातल्या बायकांनी वाढवले. आजीच्या खोलीत एक आंधळा कथेकरी रात्री येऊन बसे. त्या काळी रशियात भूदास होते, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे, विकत घेता-देता येणारे शेतकरी. हा आंधळा केवळ गोष्टी सांगण्यासाठी विकत घेतला होता. त्याला एखादी गोष्ट दोनदा वाचून दाखवली की ती शब्दन् शब्द त्याच्या लक्षात राहत असे. मेणबत्ती विझवायची, आजी अंथरुणावर पडायची आणि अंधारात तो अरबी कथांमधल्या राजपुत्राची गोष्ट सुरू करायचा. छोट्या लिओला त्या गोष्टीपेक्षा त्या म्हाताऱ्याचा आवाज आणि भिंतीवरच्या सावल्याच जास्त आठवत राहिल्या.

दुसरा कथेकरी घरातलाच होता. थोरला भाऊ निकोलाय, वय दहा-अकरा. त्याने धाकट्यांना सांगितले की सगळी माणसे सुखी कशी होतील, कुणी कुणावर रागावणार नाही, कुणी आजारी पडणार नाही, याचे रहस्य एका हिरव्या काठीवर लिहिलेले आहे आणि ती काठी आपल्या रानात, घळीच्या कडेला पुरलेली आहे. मग ही भावंडे खुर्च्यांवर शाली टाकून त्याखाली एकमेकांना बिलगून बसत आणि स्वतःला मुंग्यांचे भाऊ म्हणवून घेत. काठी सापडली नाही हे वेगळे सांगायला नको.

तरुणपणी मात्र टॉलस्टॉय आदर्श विद्यार्थी वगैरे अजिबात नव्हते. कझान विद्यापीठात आधी अरबी-तुर्की भाषा, मग कायदा, आणि १८४७ साली पदवी न घेताच घरी. पुढे पत्त्यांचा जुगार, कर्ज, आणि रोजनिशीत रोज नवे नियम. ते नियम आमच्या नवीन वर्षाच्या टाइमटेबलासारखेच टिकत. १८५१ साली फौजेत असलेल्या निकोलायबरोबर ते कॉकेशसच्या डोंगरात गेले आणि १८५२ साली तोफखान्यात दाखल झाले. अधिकारी होण्याआधी उमराव घराण्यातल्या तरुणाला तिथे जे पद मिळे त्याला युंकर म्हणत. म्हणजे तेही आधी कॅडेटच.

१८५३ च्या उन्हाळ्यात ग्रोझ्नी किल्ल्याकडे जाताना ते आणि काही सोबती तुकडीच्या पुढे निघून गेले. हे करू नये असे आम्हालाही प्रत्येक रूट मार्चला बजावतात. चेचेन स्वारांनी त्यांना गाठले. टॉलस्टॉय यांच्याबरोबर सादो नावाचा त्यांचा चेचेन मित्र होता, आणि घोड्यांची अदलाबदल केल्यामुळे सादोचा वेगवान घोडा त्या वेळी टॉलस्टॉय यांच्याकडे होता. त्यांना एकट्याने सहज सुटता आले असते, पण सादोला मागे टाकून ते गेले नाहीत. दोघेही कसेबसे किल्ल्यापर्यंत पोचले. ही दौड त्यांनी जवळजवळ वीस वर्षे मनात जपून ठेवली. ती कुठे बाहेर आली ते पुढे सांगतो.

मग क्रिमियाचे युद्ध. सेवास्तोपोलच्या वेढ्यात १८५५ साली चौथ्या बुरुजावर, सर्वांत जास्त तोफगोळे पडत त्या जागी, त्यांनी ड्यूटी केली. तिथून लिहून पाठवलेल्या लेखांनी ते देशभर प्रसिद्ध झाले. त्याआधी सैनिकांसाठी एक मासिक काढायचे त्यांच्या आणि मित्रांच्या मनात होते, पण झारने परवानगी दिली नाही. त्यासाठी यास्नाया पोल्यानातले मोठे घर, जिथे त्यांचा जन्म झाला तेच घर, विकले गेले होते. घेणाऱ्याने ते उकलून दुसरीकडे नेऊन उभे केले, आणि आलेले पैसे टॉलस्टॉय पत्त्यांत हरले. हे मी लपवत नाही, कारण हाच माणूस चार वर्षांनी गावात गुरुजी झाला.

१८५६ साली त्यांनी फौज सोडली. १८५९ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्यांनी यास्नाया पोल्यानात भूदासांच्या मुलांसाठी फुकट शाळा उघडली. भूदासपद्धत रद्द व्हायला अजून दोन वर्षे होती. शिकवायचे कसे हे बघायला ते १८६० मध्ये जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड असे फिरले. याच प्रवासात फ्रान्सच्या किनाऱ्यावर निकोलाय क्षयाने वारला. तरीही त्यांनी शाळा बघणे सोडले नाही. बहुतेक ठिकाणी त्यांना घाबरलेली, पाठ केलेले म्हणून दाखवणारी मुले दिसली. मार्सेयमध्ये मात्र त्यांना एक गंमत आढळली. तिथल्या शाळा वाईट होत्या, पण कामगार हुशार आणि चौकस होते. मग हे शिकले कुठे? तर चहा-कॉफीच्या दुकानांत, नाटकांत, संग्रहालयांत आणि स्वस्तात मिळणाऱ्या कादंबऱ्यांमधून. थ्री मस्केटियर्स तिथे मजुरांच्या हातात होती.

परत आल्यावरची त्यांची शाळा कशी होती ते वाचून मला आधी हसू आले. सकाळी घंटा व्हायची आणि मुले अंधारातून, बर्फातून यायची, पण हातात वही-पुस्तक काही नाही. घरचा अभ्यास नाही. कुणी बाकावर, कुणी खिडकीत, कुणी गुरुजींच्या खुर्चीवर. वर्गातून उठून घरी गेले तरी शिक्षा नाही. आमच्याकडे पहाटे शिट्टी वाजली नाही तर पीटीला एक माणूस येणार नाही, मी स्वतःही येणार नाही. पण त्यांच्या शाळेत सुमारे चाळीस मुले येत होती आणि संध्याकाळी हाकलल्याशिवाय जात नव्हती.

त्यांना थांबवून ठेवत होत्या त्या गोष्टी. टॉलस्टॉय यांनी आधी मुलांना नावाजलेल्या लेखकांची पुस्तके वाचून दाखवली, रॉबिन्सन क्रूसोसुद्धा सोपा करून सांगून पाहिला. मुलांना कंटाळा आला. पण रशियन वीरांच्या लोककथा, कोडी, म्हणी निघाल्या की त्यांचे डोळे चमकत. नेपोलियनच्या १८१२ च्या स्वारीची गोष्ट सांगितली तेव्हा तर वर्गाची रणभूमी झाली. टॉलस्टॉय यांनी नंतर प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की तो इतिहासाचा तास झाला नाही, देशाभिमानाची गोष्ट झाली.

एकदा त्यांनी एका म्हणीवरून गोष्ट लिहायला सांगितली. जो चमच्याने भरवतो तोच चमच्याच्या दांड्याने डोळ्यात खुपसतो, अशा अर्थाची ती म्हण. मुलांना जमेना म्हणून ते स्वतः लिहायला बसले. पण फेदका आणि स्योमका ही दोन शेतकऱ्यांची पोरे त्यांच्या खांद्यावरून वाकून चुका काढू लागली. म्हातारा असा बोलणार नाही, त्याच्या अंगावर अमुकच कपडा असणार, असे. रात्री सातला बसलेले तिघे अकराला उठले. आपल्याला सुचले नसते ते अकरा वर्षांच्या मुलाला सुचते, हे बघून टॉलस्टॉय अक्षरशः हादरले. पुढे त्या हस्तलिखिताचे कागद दुसऱ्या पोरांनी घड्या घालून खेळण्यांत उडवून टाकले, तेव्हा त्यांच्याहून जास्त वाईट कुणाला वाटले नसेल. मग मुलेच त्यांच्या घरी रात्री मुक्कामाला आली आणि गोष्ट पुन्हा लिहिली. शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून लिहायला शिकावे की आपण त्यांच्याकडून, असा प्रश्नच त्यांनी एका लेखाच्या नावात विचारला.

हिवाळ्यातल्या एका रात्री ते काही मुलांना घेऊन रानाकडे फिरायला गेले आणि हाजी मुराद या कॉकेशसच्या सरदाराची हकिकत सांगू लागले. फेदकाने चालता चालता आधी त्यांच्या बाहीला हात लावला, मग त्यांची दोन बोटे धरली. हकिकत संपल्यावर मुलांनी विचारले की गाणे कशासाठी शिकायचे, आणि झाड कशासाठी असते. ही ओळ वाचताना मला आमच्या डॉर्मिटरीतला एक मुलगा आठवला. त्याने मला विचारले होते की शार्कला मारल्यावर तोफवाले काका त्या रात्री जेवले असतील का.

१८६२ च्या जुलैत, टॉलस्टॉय गावाला गेलेले असताना, पोलिसांनी गुप्त छापखान्याच्या संशयाने दोन दिवस घर आणि शाळा उचकटली. काहीच सापडले नाही. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि शाळा हळूहळू बंद पडली. सगळा दोष मी पोलिसांना देत नाही, त्यांचेही मन उडालेच होते. पुढची सहा-सात वर्षे 'युद्ध आणि शांती'त गेली.

ती कादंबरी पुरी झाल्यावर जगातल्या कुणीही आराम केला असता. ते मात्र मुलांसाठी अंकलिपी लिहायला बसले. तिचे नाव 'आझबुका'. इसापच्या गोष्टी मुळातून घ्यायच्या म्हणून बेचाळिसाव्या वर्षी ग्रीक शिकले. जिथून मिळेल तिथून गोष्टी जमवल्या. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या हकिकती, रोम शहराच्या स्थापनेची कथा, रेशीम शोधणारी चीनची राणी, अँडरसनची राजाच्या नव्या कपड्यांची गोष्ट, तीन अस्वले, रशियन वीरकथा. आणि आपल्याकडचीही एक: भारतातल्या एका राजाने आंधळ्यांना बोलावून हत्ती दाखवले, ती. आपल्या आजीची गोष्ट तिकडे बर्फातल्या मुलांनी अक्षरे जुळवत वाचली असेल, याचे मला फार अप्रूप वाटले. इसापच्या गोष्टी त्यांनी घेतल्या, पण शेवटची तात्पर्ये बहुतेक काढून टाकली.

१८७२ मध्ये त्यांनी घरातच पुन्हा शाळा भरवली. पस्तीसेक मुले, आणि शिकवायला ते, त्यांची बायको आणि त्यांची आठ-सात वर्षांची स्वतःची दोन पोरेही. त्या वर्षी 'आझबुका' छापून आली. झारच्या मुलांपासून शेतकऱ्यांच्या मुलांपर्यंत दोन पिढ्या यावर शिकतील आणि मग आपण सुखाने मरू, अशी त्यांना आशा होती. शिक्षकांनी तिच्यावर सडकून टीका केली आणि ती फारशी खपलीही नाही. ते खचले, पण १८७५ साली सोपी करून 'नवी आझबुका' आणली. ती मात्र घरोघर गेली.

मघाची घोडदौडही याच अंकलिपीत आहे. 'कॉकेशसचा कैदी' या गोष्टीत झिलिन आणि कोस्तिलिन हे दोन रशियन अधिकारी डोंगरातल्या लोकांच्या हाती लागतात. कोस्तिलिन भरलेली बंदूक असूनही आधीच पळालेला असतो. झिलिन शत्रूच्या गावातल्या दीना या मुलीला मातीच्या बाहुल्या करून देतो, आणि शेवटी तीच त्याला खड्ड्यातून निघायला लांब काठी आणून देते. १८९७-९८ साली 'कला म्हणजे काय' या पुस्तकात टॉलस्टॉय यांनी स्वतःचे जवळजवळ सगळे लेखन कमअस्सल ठरवले आणि दोनच गोष्टी चांगल्या म्हणून बाजूला काढल्या. त्यातली एक ही.

आता माझे सांगतो. त्याच पुस्तकात 'बी' नावाची छोटी गोष्ट आहे. आईने मोजून ठेवलेल्या आलुबुखारांतला एक वान्या गुपचूप खातो. जेवताना वडील म्हणतात की कुणी बी गिळली असेल तर त्याला धोका आहे. वान्या पांढराफटक पडतो आणि बी आपण खिडकीतून फेकली असे सांगून बसतो. सगळे हसतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या डॉर्मिटरीत एकाच्या डब्यातले चार लाडू गेले. मला ही गोष्ट आठवली आणि आपण फार हुशार आहोत असे वाटले. रोल कॉलच्या वेळी मी गंभीर चेहऱ्याने सांगितले की त्या डब्याशेजारी उंदराचे औषध ठेवले होते, लाडू खाल्लेल्याला आत्ताच एमआय रूममध्ये न्यायला हवे. एक मुलगा ताडकन उभा राहिला. त्याचे ओठ थरथरत होते. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी फॉल-इनमध्ये त्याचे नाव लाडू पडले होते.

त्या आठवड्यात मी टॉलस्टॉय यांच्या शाळेबद्दल आणखी वाचले. त्यांच्याकडेही चोरी झाली होती. मुलांनीच शिक्षा ठरवली आणि चोराच्या अंगावर चोर अशी चिठ्ठी शिवली. पुढे त्याच मुलाने पुन्हा चोरी केली, पुन्हा चिठ्ठी लागली. टॉलस्टॉय यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, त्यांना स्वतःचीच शरम वाटली आणि त्यांनी ती चिठ्ठी ओढून फाडून टाकली. मी 'बी' पुन्हा उघडून शेवटची ओळ वाचली. सगळे हसले, तिथे गोष्ट संपत नाही. वान्या रडू लागला, तिथे संपते. आधी मी ते शब्द वाचले होते, पण मला चोर पकडायचा होता.

चिठ्ठी फाडता येते, नाव कसे फाडणार? मी प्रेपच्या वेळी त्या मुलाकडे गेलो आणि चूक माझी होती असे म्हणालो. त्याने ज्युनियर सिनियरला म्हणतो तसे यस भैया म्हटले आणि वहीत डोके घातले.

टॉलस्टॉय शेवटपर्यंत गोष्टी लिहीत राहिले. पुढच्या काळातल्या त्यांच्या लोककथांपैकी मूर्ख इव्हानची गोष्ट गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत गुजरातीत आणली, आणि १९१० साली जोहान्सबर्गजवळ त्यांच्याच नावाने टॉलस्टॉय फार्म सुरू केला. तिथेही आश्रमातल्या मुलांना शिकवणे चालत असे. त्याच वर्षी, ८२ व्या वर्षी, टॉलस्टॉय एका रात्री घर सोडून निघाले, गाडीत आजारी पडले आणि नोव्हेंबरमध्ये अस्तापोवो नावाच्या लहानशा स्टेशनवर स्टेशनमास्तरच्या घरात वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना यास्नाया पोल्यानाच्या रानात पुरले, घळीच्या कडेला, निकोलायने हिरव्या काठीची जागा म्हणून दाखवली होती तिथे. वर दगड नाही, क्रूस नाही, फक्त गवत वाढलेला मातीचा उंचवटा आहे.

हे मी गेल्या शनिवारी डॉर्मिटरीत सांगितले. कुणी काही विचारले नाही, मला वाटले झोपली. रविवारी दुपारी बास्केटबॉल कोर्टच्या मागे सहा-सात जण काटक्यांनी जमीन उकरताना दिसले. तिथून तो लाडूवाला मुलगा धावत आला. दोन आठवडे तो माझ्याशी कामापुरतेच बोलत होता. त्याने विचारले, भैया, माळीकाकांकडून खुरपे मागून द्याल का. मी दोन आणून दिली.